नॉट कॉन्फिगर्ड: ताईच्या जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी

७ जून २०२५, शनिवार

ताईचा जुना लॅपटॉप शेवटी माझ्याकडे आला. भंगारवाला ६०० देत होता, ताई म्हणाली त्यापेक्षा तूच घे, तुला असली खुडबूड आवडते. चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, एक बिजागर सैल, आणि लॅन पोर्टची झडप तुटलेली, त्यामुळे वायर लावून जोरात शिंकलं तरी सुटते. कपाटात १२० जीबीची एसएसडी पडून होती ती आत टाकली आणि ठरवलं यावर ओपनबीएसडीच (लिनक्ससारखीच, युनिक्स घराण्यातली एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम), तिची ७.७ आवृत्ती एप्रिलच्या शेवटी आलीय ती. भाची विचारते, लिनक्स का नाही मावशी? लिनक्स ऑफिसच्या मशीनवर आहेच की, हे मला फक्त लिहायला, मेलला आणि टर्मिनलला हवंय, आणि ओपनबीएसडीची मॅन पानं (सिस्टिमसोबतच येणारी माहितीची पानं) वाचत बसायला मला मनापासून आवडतं, याच्यापलीकडे कारण नाही.

इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून, वीसेक मिनिटांत उरकलं. मधे तो विचारतो नेटवर्कचा इंटरफेस कुठला, तर यादीत फक्त आरई०, म्हणजे लॅन. वायफायचं नावच नाही. पोटात गोळा आला तो तिथेच.

रात्री डीमेसेज, म्हणजे मशीन सुरू होताना काय काय सापडलं त्याची यादी, काढून एकेक ओळ वाचली. स्क्रीन ठीक, साउंड ठीक, टचपॅड ठीक, वेबकॅमपण दिसतोय. आणि मधेच एक ओळ: ब्रॉडकॉम, बीसीएम४३१४२, आणि शेवटी दोन शब्द, नॉट कॉन्फिगर्ड. याचा अर्थ कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) कार्ड दिसलंय, कोणाचं आहे तेही कळलंय, पण हे माझं म्हणून पुढे येणारा ड्रायव्हर एकही नाही. लग्नाच्या हॉलमधे कोणाच्याच बाजूचा नसलेला पाहुणा असतो ना, तसा.

८ जून, रविवार

सकाळी शांतपणे वाचलं. बीएसडीमधे इंटरफेसला नाव ड्रायव्हरचं मिळतं. लिनक्सवर सगळे डब्ल्यूलॅन० किंवा डब्ल्यूएलपी-अमुकतमुक, इथे इंटेलचं थोडं जुनं कार्ड असेल तर आयडब्ल्यूएन०, त्यानंतरचं आयडब्ल्यूएम०, एएक्स मालिकेतलं आयडब्ल्यूएक्स०, अथेरॉसचं एटीएचएन०, रिअलटेकची यूएसबी काडी यूआरटीडब्ल्यूएन०. त्यामुळे नाव बघितलं की मॅन पान कुठलं उघडायचं ते कळतं आणि मॅन पानात कुठल्या चिप चालतात त्याची यादी असते. ही सवय मला फार आवडते, अंदाजपंचे काही नाही.

ब्रॉडकॉमसाठी दोन ड्रायव्हर आहेत. बीडब्ल्यूआय हा फार जुन्या चिपसाठी, आणि बीडब्ल्यूएफएम हा ज्या चिपमधे वायफायचं बरंचसं काम कार्डावरचं फर्मवेअरच (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) करतं त्यांच्यासाठी, रास्पबेरी पायमधे असते तशी चिप. ४३१४२ या दोघांच्या मधल्या फटीत पडते. लिनक्सवरही तिच्यासाठी डब्ल्यूएल नावाचा बंद ड्रायव्हर लागतो, सोर्स उघडा नाही, आणि तो लिनक्सच्या कर्नलला चिकटवलेला म्हटल्यावर इकडे उचलून आणायचा प्रश्नच येत नाही.

मग इंटेलचं का चालतं? तर इंटेलचा लिनक्सवरचा ड्रायव्हर दुहेरी लायसनचा आहे, जीपीएल (लिनक्सचं, जास्त अटींचं) आणि बीएसडी (जवळपास बिनअटीचं) दोन्ही. ओपनबीएसडीच्या आयडब्ल्यूएम ड्रायव्हरच्या फाइलीत वरच लिहिलंय की लिनक्सच्या आयडब्ल्यूएल-वायफायमधला बीएसडी लायसनचा भाग संदर्भ म्हणून वापरलाय. म्हणजे चिपचं मॅन्युअल नसलं तरी वाचून काढायला उघडा कोड होता. त्याच्याआधीचे आयडब्ल्यूएन, एटीएचएन, यूआरटीडब्ल्यूएन हे तिन्ही डेमियन बर्गामिनी या एकाच माणसाचे, आणि त्याने असे आणखी कितीतरी लिहिलेत. पुढे आयडब्ल्यूएम आणि आयडब्ल्यूएक्सवर स्टेफान स्पर्लिंगने वर्षानुवर्षं काम केलं, ७.१ मधे २०२२ साली ११एसी (वायफायचा जास्त वेगाचा प्रकार) आलं ते त्याच्यामुळे. आपण कॉफीशॉपमधे बसून कनेक्ट म्हणतो त्याच्यामागे अशी मोजकी चार-पाच डोकी असतात.

ते असो. कार्ड बदलायला लागणार एवढं नक्की. त्याआधी यूएसबीची काडी लावून भागतंय का बघू, लॅपटॉप खोलायचा मला कंटाळा आलाय. ऑनलाइन एक मागवली, ६०० एमबीपीएस, ड्युअल बँड, ५४९ रुपये. चिप कुठली ते पानावर लिहिलेलं नव्हतं, आणि तरी मागवली. ही चूक इथे लिहून ठेवते.

९ जून, सोमवार

काडी यायचीय तोवर फोनवरून नेट. अँड्रॉइड फोन वायरने जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, टर्मिनलवर लगेच यूआरएनडीआयएस० उगवलं, त्याला आयनेट ऑटोकॉन्फ (पत्ता आपोआप घे) सांगितलं आणि पत्ता मिळाला. दोन मिनिटांचं काम आणि कुठलंही पॅकेज लागलं नाही. नवीन माणसाने हे एक लक्षात ठेवावं, कारण वायफाय कार्डाचं फर्मवेअर इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवर नसतं. त्या फर्मवेअरचं लायसन त्यांच्या नियमात बसत नाही म्हणून ते वेगळ्या साइटवरून एफडब्ल्यू-अपडेट या कमांडने उतरवायचं. म्हणजे वायफायसाठी नेट पाहिजे आणि नेटसाठी वायफाय. फोनची वायर मधे घातली की सुटलं.

एफडब्ल्यू-अपडेट चालवून बघितला. प्रोसेसरचं मायक्रोकोड वगैरे उतरवलं, ब्रॉडकॉमकडे ढुंकून बघितलं नाही.

११ जून, बुधवार

काडी आली. नखाएवढी आहे. लावली, आणि डीमेसेजमधे वायफायच्या जागी सीडी ड्राइव्ह आला! मला वाटलं मी काहीतरी चुकीचं बघतेय. यूएमएएसएस, मग सीडी१, नाव रिअलटेक डिस्क, आयडी (कंपनी आणि चिप ओळखायचा नंबर) ०बीडीए:१ए२बी. खरी गंमत अशी की या काड्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असलेली खोटी सीडी असते. विंडोजमधे लावली की सीडी उघडते, ड्रायव्हर बसतो, मग काडी सीडीचं सोंग टाकून वायफाय होते. लिनक्सवर हे सोंग उतरवायला मोडस्विच नावाचं वेगळं पॅकेज असतं. इथे मी साधं इजेक्ट सीडी१ केलं. सीडी गेली, आणि दोन सेकंदांत काडी नव्या आयडीने परत आली, ०बीडीए:सी८११. टाळी वाजवायचीच बाकी होती.

पण पुढची ओळ युजेन०. पीसीआय कार्डाला ड्रायव्हर मिळाला नाही तर नॉट कॉन्फिगर्ड, यूएसबीवाल्याला मिळाला नाही तर युजेन. सोंग उतरलं तरी आतला नट अनोळखीच. ही ८८११सीयू चिप, यूआरटीडब्ल्यूएनच्या यादीत नाही. यादीत आहेत ८१८८सीयूएस, ८१९२सीयू, ८१८८ईयू असली जुनी मंडळी.

परत पाठवायची रिक्वेस्ट टाकली. कारण विचारलं तिथे प्रॉडक्ट खराब आहे असं टाकायचा मोह झाला पण प्रॉडक्ट खराब नाहीये, मीच न बघता घेतली, म्हणून नको आहे एवढंच टाकलं.

१२ जून, गुरुवार

ड्रॉवरमधे दहा वर्षांपूर्वीची एक काडी सापडली, सेटटॉप बॉक्सला लावायची ती. ८१८८सीयूएस! फोनवरून फर्मवेअर उतरवलं, यूआरटीडब्ल्यूएन० वर आलं, घरचं वायफाय दिसलं, जोडलं. पहिलं पान वायफायवरून उघडलं रात्री ११.२० ला.

फक्त २.४ गिगाहर्ट्झ. आमच्या बिल्डिंगमधे स्कॅन केलं तर २७ नेटवर्क दिसतात, सगळी एकमेकांच्या उरावर. घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, मला मिळतायत १६-१७, आणि शेजारच्यांनी मायक्रोवेव्ह लावला की तेही नाहीत. मेलला चालेल. पण एकदा खाज सुटली की सुटली, कार्ड बदलणार.

याच निमित्ताने एक लिहून ठेवते, काड्यांच्या बाबतीत मॉडेलच्या नावावर जाऊ नये. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेलं आहे, पहिल्या व्हर्जनमधे अथेरॉसची एआर९२७१ होती, दुसऱ्यापासून आत रिअलटेक, बाहेरून खोका तोच. व्हर्जन स्टिकरवर बारीक अक्षरात असतं. खात्री आयडीनेच करायची.

१४ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी तोंडात लॅमिंग्टनच येतं. डोंबिवलीहून दादर, तिथे बदलून ग्रँट रोड, बाहेर पडले तर पाऊस असा की छत्री नावाला. पर्समधे कागद होता, घरून स्क्रू काढून स्लॉट बघून आले होते: हाफ मिनी पीसीआय-ई. नवीन लॅपटॉपमधे एम.२ असतं, त्याचे दात वेगळे, ते यात बसत नाही. कागदावर पसंतीचा क्रम लिहिलेला: इंटेल ७२६० (एचएमडब्ल्यू, म्हणजे हाफ मिनीवालं, याच नंबरचं एम.२ पण मिळतं), नाहीतर ६२३५, नाहीतर अथेरॉस एआर९२८०.

पहिल्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, कंपनी बोलो लॅपटॉप की, उसका कार्ड देता हूं." मी म्हटलं मला कंपनीचं नको, चिपच्या नंबरचं पाहिजे. तो म्हणाला, "विंडोज में सब चलेगा." मी म्हटलं विंडोज नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पेट्रोल पंपावर जाऊन रॉकेल मागितलंय.

तिसऱ्या गाळ्यात आत एक काका बसलेले, समोर प्लास्टिकचा डबा, त्यात जुनी कार्डं बिस्किटांसारखी उभी लावलेली. त्यांनी डबाच माझ्यापुढे सरकवला, "बघा ताई, काय पाहिजे ते काढा." अर्धा तास एकेक स्टिकर मोबाईलच्या टॉर्चने वाचत बसले. बरीचशी माझ्याकडे आहे तीच ४३१४२, मग एआर९२८५ होती तीन-चार (चालली असती, पण नुसती २.४ आणि एकच अँटेना), आणि तळाशी दोन ७२६०एचएमडब्ल्यू. एकाच्या कनेक्टरचा मधला दाणा दबलेला होता, दुसरं नीट. ३५० सांगितले, ३०० ला दिलं. काका म्हणाले, "नाही चाललं तर आठवड्यात आणा, बदलून देतो, पण स्टिकर फाडू नका." वर विचारलं की लॅपटॉप दुसरं कार्ड घेतो का, कारण काही कंपन्या बायोसमधे यादी ठेवतात, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन पुढे सरकतच नाही. हे मी वाचलेलं होतं पण मनात दाबून ठेवलं होतं.

परत येताना गाडीत उभीच, पर्स छातीशी.

१५ जून, रविवार

बायोसने कार्ड घेतलं, कुरकुर केली नाही. एक संकट टळलं. दोन नवीन उभी राहिली.

पहिलं: मागचं झाकण उघडून जुनं कार्ड काढलं तर अँटेनाची वायर एकच, काळी. ४३१४२ ला एकच लागते म्हणून बनवणाऱ्याने दुसरी घातलीच नाही. ७२६० ला दोन कनेक्टर आहेत. काळी पहिल्या कनेक्टरवर बसवली. ते बसवणं म्हणजे कुर्त्याचं टिचबटण लावायचं पण बटण मोहरीएवढं, बोटाने चाचपून बरोब्बर मधोमध आलं की नखाने दाबायचं, टिक असा आवाज येतो. तिरकं दाबलं तर दाणा चेपतो, काकांच्या डब्यातल्या पहिल्या कार्डाचं तेच झालं असणार.

चालू केलं. डीमेसेजमधे आयडब्ल्यूएम०! फोन जोडून एफडब्ल्यू-अपडेट चालवला, यावेळी आयडब्ल्यूएमचं फर्मवेअर आपोआप ओळखून उतरवलं. आयएफकॉन्फिग या नेटवर्कच्या कमांडने कार्ड चालू करायला गेले आणि कन्सोलवर दुसरं संकट: रेडिओ इज डिसेबल्ड बाय हार्डवेअर स्विच.

कुठला स्विच? या लॅपटॉपला स्विचच नाही. एफ१२ वर विमानाचं चित्र आहे, ते दाबलं, एफएन धरून दाबलं, बायोसमधे शोधलं, बॅटरी काढून मिनिटभर पॉवरचं बटण दाबून धरलं. काही नाही. आई म्हणाली ठेव आता ते, वरणाला फोडणी द्यायचीय. ठेवलं.

१७ जून, मंगळवार

कळलं. मिनी पीसीआय-ईच्या ५२ पिनांमधली २० नंबरची पिन हा रेडिओ बंद करायचा सिग्नल. मदरबोर्डने ती खाली ओढली की कार्ड रेडिओ बंद ठेवतं, मग वर कुठलीही ऑपरेटिंग सिस्टिम असो. या मशीनवर ती पिन बहुतेक विमानाच्या बटणामागच्या कंट्रोलरकडे आहे आणि कंट्रोलरला उठवणारा प्रोग्राम विंडोजमधला. जुन्या कार्डाच्या वेळी हे लक्षात यायचं कारणच नव्हतं, त्याला ड्रायव्हरच नव्हता.

उपाय असा की ती एक पिन टेपने झाकायची. कार्डाला पिन ओढणारं कोणी दिसलं नाही की ते रेडिओ चालू धरतं.

पिन शोधायची कशी: कार्डाच्या दातांमधे एक खाच असते. १ ते १६ खाचेच्या एका बाजूला, १७ ते ५२ दुसऱ्या, लांब बाजूला. विषम नंबर वरच्या अंगाला, सम खालच्या अंगाला. म्हणजे कार्ड उलटं करायचं, खाचेपासून लांब बाजूला मोजायचं, पहिली १८, दुसरी २०. एका पिनेची रुंदी मिलिमीटरपेक्षा कमी. साधी सेलोटेप गरम होऊन चिकट होते म्हणून नाक्यावरच्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून पिवळी हीट टेप वीतभर आणली, त्याने पैसे घेतले नाहीत. काचेवर चिकटवून ब्लेडने दोऱ्यासारखी पट्टी कापली, भुवया कोरायच्या चिमट्याने उचलली, लावली, स्लॉटमधे सरकवलं.

चालू केलं तर आयडब्ल्यूएम० गायब. नुसता रेडिओ बंद असं नाही, कार्डच नाही, नॉट कॉन्फिगर्डपण नाही, त्या जागी काही आहे याचाच पत्ता नाही. घाम फुटला. ३०० रुपये गेले हे डोक्यात नाही आलं, काकांना काय सांगायचं हे आलं.

परत काढलं, भिंगाखाली धरलं. पट्टी आत सरकवताना तिरकी होऊन शेजारच्या पिनेवरपण गेली होती. शेजारची, म्हणजे २२, रीसेट! सुरू व्हायच्या आधी कार्डाला तयार हो म्हणून सांगणारी ओळच मी बंद केली होती. बिचारं वाट बघत बसलेलं.

दुसरी पट्टी अजून बारीक, आणि या वेळी टोक वर दुमडून कार्डाच्या हिरव्या भागावर चिकटवलं म्हणजे सरकताना खेचली जाणार नाही. रात्री १२.४० ला वायफाय चालू. घरात सगळे झोपलेले, सांगायला कोणी नाही, म्हणून इथे लिहितेय.

१८ जून, बुधवार

सेटिंग कायमचं केलं. एटीसी या सेटिंगांच्या फोल्डरमधे होस्टनेम.आयडब्ल्यूएम० नावाची फाइल, तीन ओळी: जॉइन घरचं नाव डब्ल्यूपीए-की अमुक, जॉइन फोनच्या हॉटस्पॉटचं नाव आणि त्याची की, आणि आयनेट ऑटोकॉन्फ. संपलं. जॉइनची ही सोय ६.४ पासून आहे, जे नेटवर्क जवळ असेल ते तो स्वतः पकडतो. डब्ल्यूपीए-सप्लिकंट लागत नाही, ते फक्त कॉलेज-ऑफिसात युजरनेम-पासवर्डवालं नेटवर्क असतं तेव्हा पॅकेजमधून घ्यायचं.

एका गोष्टीत अर्धा तास गेला, राउटरवर ५ गिगाहर्ट्झला फक्त डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलेलं होतं, मीच कधीतरी सुरक्षित म्हणून केलेलं. ओपनबीएसडीत डब्ल्यूपीए३ अजून नाही. २ आणि ३ मिक्स केलं, लगेच जोडलं गेलं. आयएफकॉन्फिग आता मोड ११एसी दाखवतो. वेग एका अँटेनावर ४०-४५, बेडरूमचं दार लावलं की २०.

२१ जून, शनिवार

दुसरी अँटेना लावली, आतली, टेपवाली, ऑनलाइन ९० रुपयाला दोन. बिजागरातून वायर स्क्रीनपर्यंत न्यायची हिंमत झाली नाही कारण ते बिजागर आधीच सैल, म्हणून तळहात टेकतो त्या भागाच्या खाली चिकटवली, धातूच्या पट्टीपासून लांब. पुस्तकी जागा नाही ही, अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला हवी. पण दार लावूनसुद्धा ७० च्या पुढे मिळतायत आणि दार उघडं असलं तर ९० च्या आसपास, म्हणजे प्लॅनच संपतोय. झाकण लावलं, सात स्क्रू निघाले होते, सहा लागले. सातवा कुठला ते विचारू नये.

२९ जून, रविवार

आठवडाभर रोज वापरला. झाकण मिटून उघडलं की चार-पाच सेकंदांत वायफाय परत येतं, एकदाही हाताने उठवावं लागलं नाही.

ट्रंक करून टाकलं: ट्रंक० मधे आरई० आणि आयडब्ल्यूएम० दोन्ही, फेलओव्हर. लॅनची वायर लागली तर त्यावरून, सुटली (सुटतेच) तर वायफायवरून, पत्ता तोच राहतो, चालू डाउनलोड तुटत नाही. तुटक्या झडपेवर याहून छान औषध नाही. दहा वेळा वायर काढून-लावून बघितली, लहान मूल दिव्याचं बटण खेळतं तसं.

भाची आली होती, तिचे इअरबड जोडायला बघत होती. ब्लूटूथ नाही. कार्डात आहे, ७२६० मधे दोन्ही असतात, पण ओपनबीएसडीने ब्लूटूथचा कोडच २०१४ मधे काढून टाकला, नीट सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून. तिने "काय गं मावशी" असं तोंड केलं. मला इथे ब्लूटूथ नसल्याचं काही वाटत नाही, पण ज्याला वाटतं त्याने आधीच माहीत करून घ्यावं, नंतर चिडू नये.

६ जुलै, रविवार

आषाढी, सुट्टी, साबुदाणा खिचडी खाऊन सुस्ती. पेनड्राइव्हवर हायकू (आणखी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) बीटा ५ घेऊन सहज चालू केलं. वायफाय पहिल्या झटक्यात लागलं! त्यांचा ड्रायव्हर आयड्युअल-वायफाय७२६० नावाचा, आणि तो म्हणजे ओपनबीएसडीचा आयडब्ल्यूएमच, मधे एक जुळवणीचा थर घालून. आधी ते फ्रीबीएसडीचे (ओपनबीएसडीच्या बहिणीचे) ड्रायव्हर असेच आणायचे, आता दोन्हीकडचे घेतात. स्वतःचं वायफाय लिहायला माणसं नाहीत तर शेजारणीकडून विरजण आणायचं, शहाणपणाचं आहे.

फ्रीबीएसडीवाल्या एका मित्राशी फोनवर बोलले. त्यांच्याकडे लिनक्सचेच ड्रायव्हर लिनक्सकेपीआय नावाच्या थरावर चालवतात, १३.१ पासून इंटेलचा तसा आलाय, पण बरीच वर्षं तो जुन्या ११जीच्या वेगातच अडकला होता, आत्ता जूनमधे १४.३ आलं त्यात ११एन आणि ११एसी मिळालं. त्याआधी तो वायफायबॉक्स वापरायचा. म्हणजे बीहाइव्हमधे (मशीनच्या आत खोटं मशीन चालवायची फ्रीबीएसडीची सोय) छोटं अल्पाइन लिनक्स चालवायचं, वायफाय कार्ड अख्खंच्या अख्खं त्याच्या ताब्यात द्यायचं, आणि फ्रीबीएसडीने नेट त्याच्याकडून घ्यायचं. वाडा आपला, दिंडीदरवाजावर भय्या लिनक्सचा. मी हसले पण तो म्हणाला हसू नकोस, दोन वर्षं एकदाही पडलं नाही. मात्र त्याला प्रोसेसर आणि बोर्डावर व्हीटी-डी, म्हणजे कार्ड असं आतल्या मशीनला देऊन टाकायची सोय, लागते.

१२ जुलै, शनिवार

भाचीला इंजिनिअरिंगसाठी नवीन लॅपटॉप घ्यायचाय. ती विंडोजच वापरणार आहे हे मला पक्कं माहीत आहे, तरी म्हटलं कार्डाचा आयडी बघून घे, चार वर्षांनी तो माझ्याकडेच येणार. आणि आता नवीन मशीनमधे कार्ड बदलणंही सोपं राहिलेलं नाही. कितीतरी पातळ लॅपटॉपमधे ते बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं, आणि इंटेलचं एएक्स२०१ किंवा एएक्स२११ असेल तर ते अर्धंच कार्ड, बाकीचं अर्धं चिपसेटमधे, म्हणजे काढून दुसरीकडे लावायची सोय नाही.

तिला सांगितलं होतं दुकानात पेनड्राइव्ह लावून डीमेसेजचा फोटो काढ. सेल्समनने पेनड्राइव्ह लावू दिला नाही, बरोबरच आहे म्हणा. मग तिने डिव्हाइस मॅनेजरमधे जाऊन हार्डवेअर आयडीचे फोटो पाठवले, दोन मशीनचे. एकावर व्हेंडर १०ईसी, डिव्हाइस बी८५२, म्हणजे रिअलटेक ८८५२बीई, ओपनबीएसडीत त्याला आज ड्रायव्हर नाही. दुसऱ्यावर व्हेंडर ८०८६. दोन्हींची किंमत जवळपास सारखी, पहिल्याचा रंग तिला जास्त आवडलाय.

मी दुसरा सांगितला. ती म्हणते विचार करते.